पिवळं मीठ आणि नाकोबा

नाकोबांनी वास घेतल्याशिवाय सायनाइडच्या खोलीचं दार उघडायचं नाही, हा नियम कारखान्याच्या कुठल्याही वहीत लिहिलेला नव्हता. वहीत मुखवटा होता, हातमोजे होते, दोन माणसांकडच्या दोन किल्ल्या होत्या, आणि एक जण आत असताना दुसऱ्यानं बाहेर काचेच्या खिडकीशी उभं राहायचं हेही होतं. नाकोबांचं नाक तेवढं नव्हतं. तरी गेली सव्वीस वर्षं दर गुरुवारी सकाळी तोच प्रकार चालायचा. नाकोबा दाराशी जायचे, मुखवटा हनुवटीखाली ओढायचे, दाराच्या फटीला नाक लावून एक लांब श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "चला." मग किल्ली फिरायची.

भिंतीवर वायू मोजणारा मीटर होता, नाही असं नाही. पण तो शेजारच्या खोलीला रंग दिला तरी कोकलायचा, त्यामुळे त्याला कोणी भीक घालत नसे. नाकोबांनी मात्र सव्वीस वर्षांत दोनदा दारातूनच सगळ्यांना मागं हटवलं होतं, आणि दोन्ही वेळा आत खरोखर गळती निघाली होती. कडू बदामासारखा तो वास पुष्कळांना येतच नाही. नाकोबांना तो भिंतीपलीकडून यायचा, असं निदान खिडकीवाला तरी छातीठोकपणे सांगे. खिडकीवाला म्हणजे त्यांचा जोडीदार. ते आत असताना काचेला कपाळ टेकवून, घंटेवर हात ठेवून उभं राहायचं, हे त्याचं काम. दर गुरुवारी दोघं एकमेकांच्या भरवशावर जगत आणि बाकीचे दिवस एकमेकांची टिंगल करत.

धाकटी ही नाकोबांची मुलगी. थोरली लग्न होऊन दूर गेली. धाकटी रसायनशास्त्र शिकली, आणि बापाच्याच कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. तिथं तिला सगळे मॅडम म्हणत. घरी ती अजून धाकटीच होती आणि तिच्या ताटात आई अजून न विचारता वाढत होती.

एका शनिवारी दुपारी ती घरी आली तर सगळ्या घरात धूर. गॅसवर दूध उतू जाऊन, आटून, करपून, पातेलं कोळशासारखं झालेलं. आणि गॅसपासून दोन हातांच्या अंतरावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, नाकोबा शब्दकोडं सोडवत बसलेले. तिनं गॅस बंद केला तेव्हा त्यांनी मान वर केली आणि काय झालं म्हणून विचारलं. शब्दकोड्यात डोकं घातलं की माणूस आंधळा होतो हे धाकटीला ठाऊक होतं. पण हे आंधळेपण नव्हतं. तिनं त्यांना डोळे मिटायला लावले आणि एक उघडा डबा त्यांच्या नाकाखाली धरला. झाकणाचा आवाज ओळखून ते मोठ्या आत्मविश्वासानं कॉफी म्हणाले. डब्यात डांबराच्या गोळ्या होत्या.

मग त्यांनी फार ताणलं नाही. तीन महिन्यांपूर्वी मोठी सर्दी झाली होती, ती गेली आणि जाताना नाक घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, नाहीही येणार. आईला तर हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. करपलेली भाजी नवरा मुकाट्यानं खातो म्हणजे कुठंतरी बिघडलंय, एवढं समजायला तिला डॉक्टर लागला नव्हता. पण तिला वाटलं होतं की कारखान्यात यांनी केव्हाच सांगून टाकलं असेल.

"म्हणजे तीन महिने तुम्ही दर गुरुवारी मुखवटा खाली ओढून नुसतं 'चला' म्हणताय?" धाकटीनं विचारलं.

"मला रिटायर व्हायला अकरा महिने राहिलेत," नाकोबा म्हणाले. "नाकोबा म्हणून जगलो, नाकोबा म्हणून जाऊ दे. तेवढं कर माझ्यासाठी."

धाकटीला राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती पातेलं घासायला लागली. पातेलं पांढरं होईपर्यंत तिचा बेत ठरला होता. कारखाना सोमवारपासून दुरुस्तीसाठी अडीच आठवडे बंद राहणार होता. तेवढे दिवस ती तोंड शिवून बसेल. मात्र कारखाना पुन्हा सुरू होईल तो गुरुवार येण्याआधी एक तर तिचा नवा प्रयोग जमेल आणि सायनाइडची खोलीच लागणार नाही असं ती साहेबांना दाखवेल, नाहीतर सरळ जाऊन सगळं सांगेल. नाकोबांनी मान हलवली. हलवली नसती तर तिनं तेव्हाच फोन उचलला असता, हे तेही जाणून होते.

आता हा प्रयोग काय होता ते थोडक्यात सांगायला हवं. औषधाच्या कंपन्यांना लागणारा एक पदार्थ हा कारखाना बनवायचा. त्यात सहा कार्बनचं एक कडं असतं, आणि त्या कड्याला कार्बन-नायट्रोजनची एक छोटी शेपटी जोडायची असते. काम एवढंच. पण ती शेपटी म्हणजेच सायनाइड. ते पोत्यापोत्यानं आणायचं, कुलपात ठेवायचं आणि जीव मुठीत धरून भट्टीत घालायचं. धाकटीनं वाचलं होतं की हीच शेपटी एका निरुपद्रवी पिवळ्या मिठातूनही मिळते. त्या मिठात लोखंडाच्या एकेका अणूनं सहा सायनाइड मुठीत घट्ट धरून ठेवलेले असतात. ते सुटतात ते एकेक करून, गरम केल्यावर, आणि तेही पॅलेडियम नावाच्या महागड्या धातूची चिमूटभर मध्यस्थी असेल तरच कड्याला जाऊन चिकटतात. पॅलेडियम दोघांची गाठ घालून देतं आणि पुढच्या जोडप्याकडे वळतं. एकदम खूप सायनाइड अंगावर आलं तर मात्र ते स्वतःच गारद होतं, म्हणून हे कंजूष पिवळं मीठच त्याला बरं.

हे तिनं घरी जेवताना सांगितलं तेव्हा आईनं घास खाली ठेवला. मीठ मोकळं राहावं म्हणून खाण्याच्या मिठातसुद्धा कुठंकुठं हे किंचित घालतात, असं धाकटीनं वर सांगून ठेवलं होतं. आईनं उठून मिठाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. मग इतकी वर्षं मी घालतेय त्याचं कोणी कौतुक केलं नाही, म्हणाली.

कौतुकाचं राहू द्या, प्रयोग जमेना. धाकटीनं सुरुवातीला कारखान्याचा खरा माल न घेता सगळ्यात साधं, नुसतं कडं घेतलं होतं. ते जमलं असतं तर पुढचं पुढं. पण एकामागून एक अकरा प्रयोग झाले आणि अकराही वेळा फ्लास्कमधून जे आत घातलं तेच बाहेर आलं. धाकटीच्या हातात काही खोट नव्हती. उलट तिचा हात जरा जास्तच चोख होता. कॉलेजातल्या तिच्या बाईंनी तिला शिकवलं होतं की धातूच्या प्रयोगात पाणी म्हणजे वैरी. म्हणून ती पिवळं मीठ भट्टीत इतकं सुकवायची की त्याचा पिवळा रंग उडून पांढरी भुकटी व्हायची. काचेची भांडी तापवायची, द्रावक सुकवायचं, हात सुकवायचे. आणि इतकं सगळं कोरडंठाक करून झाल्यावर ती भुकटी फ्लास्कच्या तळाशी वाळूसारखी बसून राहायची, दिवसभर ढवळली तरी ढिम्म.

नाकोबा या सगळ्याला साक्षीदार होते. कारखाना बंद म्हणून त्यांना तेवढे दिवस प्रयोगशाळेत मदतीला दिलं होतं, आणि ते मीठ खलायला बसत. खलता खलता लेकीला सल्ले देत. लेक ते सल्ले कानाआड करी. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात सायनाइडच्या खोलीची किल्ली असायची आणि ते मधूनमधून ती चाचपून बघायचे. डबीवरचं लांबलचक नाव त्यांनी पहिल्याच दिवशी वाचलं होतं, पोटॅशियम फेरोसायनाइड. त्यातलं शेवटचं तेवढं त्यांनी लक्षात ठेवलं. हे तसलं नाही, हे साधं मीठ आहे, असं धाकटीनं दहादा बजावलं. ते हो म्हणायचे आणि हातमोज्यांची दुसरी जोडी चढवायचे.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी बारावा प्रयोग लावायचा होता. भुकटी सुकवून झाली, पॅलेडियमची चिमूट आधीच वजन करून ठेवली, आणि ऐन वेळी मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. गुरुवारी काम सुरू करायचं, त्याची बैठक होती. धाकटीनं एका कागदावर क्रमवार सगळं लिहून दिलं. काय आधी घालायचं, काय नंतर, नायट्रोजन किती वेळ सोडायचा, किती तापवायचं, चार तासांनी थंड करून थर वेगळा काढायचा. नाकोबांच्या हाताला तिनं कधीच नावं ठेवली नव्हती. बापाच्या हातात कागद देऊन ती गेली.

बैठक लांबली. बैठका लांबतातच. मधे जेवणं झाली, मग पुन्हा बसले. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट तीनदा ऐकायची सवय होती. धाकटीला तिथं बसून दोन दिवसांवर आलेला गुरुवार दिसत होता. बारावा प्रयोगही बसल्यात जमा, हे तिनं मनोमन धरलंच होतं. बैठक संपली की साहेबांना थांबवून घ्यायचं आणि सांगायचं, असं ठरवून ती वाक्यं जुळवत होती. कुठल्याही वाक्यात बाप लहान होत होता, आणि ते तिला सहन होत नव्हतं.

चार वाजता खिडकीवाला धापा टाकत आला. प्रयोगशाळेच्या बाजूला वास मारतोय, म्हणाला. कडू बदामाचा. पोरं बाहेर काढली आहेत, नाकोबा आत आहेत आणि हाका मारल्या तर येत नाहीत.

धाकटीला नंतर तो जिना उतरल्याचं आठवत नव्हतं. व्हरांड्यात सगळे नाकाला रुमाल लावून लांब उभे होते आणि वास तर होताच, गोडसर, कडू, शंका घ्यायला जागा नाही असा. दाराच्या काचेतून नाकोबा दिसले. बैठकीतून सुटलेल्या माणसासारखे निवांत, खिडकीपाशी उभे, हातात एक छोटा उघडा फ्लास्क उजेडाकडे तिरका धरलेला. बाहेरची गर्दी बघून त्यांनी भुवया उंचावल्या आणि काय झालं अशी हातानं खूण केली.

धाकटीनं मुखवटा चढवला, गळ्यातला मीटर हातात घेतला आणि आत गेली. हा मीटर नवा होता, तिनंच भांडून घेतलेला, रंगाबिंगाला न भुलणारा. त्यावर शून्य होतं. ती टेबलापाशी गेली, शून्य. फ्लास्कच्या तोंडाशी मीटर धरला, तरी शून्य. तेव्हा तिनं फ्लास्कमध्ये बघितलं. तळाशी बोटभर स्वच्छ तेल होतं. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिला हवं असलेलं तेल, कड्याला शेपटी लागली की जे तयार होतं ते, त्यालाच असा बदामासारखा वास असतो. पुस्तकात तिनं शंभरदा वाचलं होतं. पण अकरा वेळा ते निघालंच नव्हतं, त्यामुळे बापाला आधी सांगून ठेवायचं तिला सुचलं नव्हतं.

प्रयोग जमला होता. तिला उडी मारावीशी वाटली, आणि त्याच क्षणी तिला मागं साहेब दारात आलेले दिसले.

तिनं मुखवटा काढून सगळ्यांना सांगितलं की गळती नाही, मीटर शून्यावर आहे, हा तयार झालेल्या मालाचा वास आहे. व्हरांड्यातून सुटकेचे श्वास ऐकू आले. खिडकीवाला मटकन पायरीवर बसला. साहेब मात्र नाकोबांकडे बघत राहिले होते.

"सगळ्या इमारतीला वास आला," ते सावकाश म्हणाले. "तुम्हाला नाही आला?"

धाकटीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. मीच त्यांना आधी सांगून ठेवलं होतं हो, वास येणार आहे, घाबरू नका म्हणून. एवढं एकच वाक्य, आणि सगळं झाकलं गेलं असतं. बापाचं नाक शाबूत राहिलं असतं आणि परवाच्या गुरुवारी तो मुखवटा खाली ओढून त्या दाराशी उभा राहिला असता. फ्लास्कातल्या बोटभर तेलानं परवाची खोली बंद होणार नव्हती. ती गप्प राहिली. आयुष्यात तिला इतकं जड काही गेलं नव्हतं.

नाकोबांनी एकदा तिच्याकडे बघितलं. मग फ्लास्क जपून स्टँडवर लावला, दोन्ही जोड्या हातमोजे काढले आणि खिशातून किल्ली काढून साहेबांपुढं धरली.

"नाही आला," ते म्हणाले. "तीन महिने मला कशाचाच वास येत नाही. मी सांगायला हवं होतं."

आधी बोलला तो खिडकीवाला, पायरीवरून न उठता. "दर गुरुवारी मी कोणाच्या भरवशावर तुम्हाला आत सोडत होतो, नाकोबा? तुम्हाला काही झालं असतं तर तुमच्या घरी मी काय तोंड दाखवलं असतं?" एवढं म्हणून तो उठला आणि निघून गेला. पुढचे दोन महिने तो नाकोबांशी एक अक्षर बोलला नाही. नाकोबांना साहेबांनी मागितलेल्या लेखी खुलाशाचं काही वाटलं नाही, पण हे फार लागलं.

गुरुवारची भट्टी रद्द झाली. सायनाइडच्या खोलीला नवे मीटर बसेपर्यंत टाळं लागलं. साहेबांनी सगळं तीनदा ऐकून घेतलं आणि नाकोबांना उरलेले महिने प्रयोगशाळेतच ठेवलं.

इकडं धाकटीला एक कोडं सुटत नव्हतं. अकरा वेळा न जमलेलं बाराव्यांदा कसं जमलं? कागद तोच, मीठ तेच. तिनं पुन्हा स्वतःच्या हातानं, कडकडीत कोरडा, तेरावा प्रयोग केला. तळाशी वाळू. शेवटी तिनं बापाला समोर बसवलं आणि त्या दिवशी काय काय केलं ते पहिल्यापासून विचारलं. सगळं कागदाप्रमाणेच केलं, असं नाकोबा छातीवर हात ठेवून सांगत होते. फक्त भुकटी फ्लास्कमध्ये घातल्यावर तिच्यावर थोडं धुण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं, ते काही सांगण्यासारखं नाही.

"किती पाणी?"

"भुकटी बुडेल एवढं. अगं, डबीवर सायनाइड लिहिलेलं आहे. सोड्याचं पाणी घातलं की धूळ उडत नाही आणि वायू सुटत नाही. सव्वीस वर्षं मी सायनाइडवर ते न घालता पुढं गेलो नाही. तुझ्या कागदात राहून गेलं असेल असं समजलो."

वैरी म्हणून तिनं ज्या पाण्याचा थेंब न थेंब हुसकून लावला होता, त्याच पाण्यात ते पिवळं मीठ विरघळणार होतं. विरघळल्याशिवाय लोखंडाची मूठ उघडणार कशी आणि पॅलेडियमला ते भेटणार कुठं? तिनं चौदावा प्रयोग निम्मं द्रावक, निम्मं सोड्याचं पाणी असा लावला. चार तासांनी प्रयोगशाळेत बदामाचा वास दरवळला आणि या वेळी कोणी पळालं नाही. मग ती इतकी हसली की नाकोबांना वाटलं, पोरगी कामाच्या ताणानं बिथरली.

त्यानंतर खरा माल, मग बादलीएवढी भट्टी, मग कपाटाएवढी. मधे दोनदा फसलं, एकदा साहेब हिरमुसले, पण सात महिन्यांनी मोठ्या भट्टीची तारीख लागली. उरलेली सायनाइडची पोती पुरवठादार परत घेऊन गेला. खोली रिकामी करून, धुऊन, रंगवून तिथंच पिवळ्या मिठाचं कोठार केलं. दाराला कुलूप नाही, खिडकीशी माणूस नाही. नाकोबांचे चार महिने राहिले होते.

तोही गुरुवारच होता. साहेब, धाकटी, भट्टीवरची चार माणसं दारापाशी जमली होती. खिडकीवाला आता मालाच्या गाडीवर कामाला होता आणि कामापुरतं बोलायला लागला होता, पण पूर्वीची टिंगल काही परतली नव्हती. तो आला, आणि कोणी न सांगता जाऊन काचेच्या खिडकीशी उभा राहिला. घंटा काढून टाकलेली होती, तिच्या जागी भिंतीवर नुसत्या दोन खुणा होत्या. त्याचा हात आपोआप तिथंच गेला.

साहेबांनी आत जायला पाऊल उचललं.

"थांबा," खिडकीवाला म्हणाला. मग गर्दीच्या मागं, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नाकोबांकडे वळला. "अहो, वास घ्या की. असं कसं आत सोडू?"

सगळे वळून बघायला लागले. साहेबांनी उचललेलं पाऊल मागं घेतलं. नाकोबांचा चेहरा एकदम लाल झाला आणि धाकटीला वाटलं, ते आता तिथून निघून जातील. पण ते पुढं आले. गर्दीनं वाट दिली. दाराशी जाऊन त्यांचा हात सवयीनं हनुवटीकडे गेला, मुखवटा खाली ओढायला, आणि मुखवटाच नाही हे कळून खाली आला. त्यांनी दाराच्या फटीला नाक लावलं आणि एक लांब श्वास घेतला. आत ताजा रंग होता, ओल्या फरशीचा वास होता, आणि त्यातलं त्यांना काहीच येत नव्हतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी ते सांगेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

खिडकीवाल्यानं काचेला कपाळ टेकवलं होतं. नाकोबांनी त्याच्याकडे बघितलं.

"चला," ते म्हणाले, आणि स्वतः बाजूला होऊन त्यांनी लेकीसाठी दार उघडून धरलं.